चुका काढण्याच्या चालीची कुळकथा

दारव्ह्यात कापूस-सोयाबीनच्या भावावर मोबाइलवर चर्चा रंगलेली असते. कुणीतरी इंग्रजीत लिहितो, 'वुई विल डिस्कस अबाउट इट टुमारो.' लगेच दुसरा त्याला अडवतो: 'डिस्कस'पुढे 'अबाउट' येत नाही, आधी इंग्रजी शिका. भाव राहतो बाजूला आणि माणूस पुढच्या वेळी गप्प बसतो. चूक दाखवणाऱ्याचे म्हणणे व्याकरणाला धरून आहे. इंग्रजीत 'डिस्कस' हे क्रियापद आपले कर्म थेट घेते. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र 'त्याबद्दल चर्चा करू' हे मराठी वाक्य होते आणि त्यातले 'बद्दल' 'अबाउट' होऊन उतरले. म्हणजे चुकीलाही कारण असते. पण चारचौघांत चूक काढण्याची ही चाल आपल्याकडे आली कुठून? तिचे कूळ शोधत गेले की साडेतीनशे वर्षे मागे जावे लागते.

१६७२ साली जॉन ड्रायडन या इंग्रज कवीने आधीच्या पिढीतला नाटककार बेन जॉन्सन याच्या लेखनातले दोष काढले. त्यातला एक दोष असा की जॉन्सन शब्दयोगी अव्यय वाक्याच्या शेवटी ठेवतो. इंग्रजीत लोक तसे सर्रास बोलत होते. लॅटिनमध्ये मात्र तशी रचना होत नाही आणि ड्रायडनच्या डोळ्यांपुढे आदर्श लॅटिनचा होता. पुढे त्याने स्वतःच्या जुन्या निबंधाच्या नव्या आवृत्तीत अशी वाक्ये शोधून बदलली. दुसऱ्याला लावलेली फूटपट्टी त्याने स्वतःलाही लावली, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण तेव्हापासून ती रचना अनेक वर्गांत चूक ठरली ती ठरलीच.

अठराव्या शतकात या चालीला शास्त्राचे रूप आले. रॉबर्ट लाउथ हे धर्मगुरू पुढे लंडनचे बिशप झाले. त्यांनी १७६२ मध्ये इंग्रजीचे छोटे व्याकरण छापले. त्याच्या तळटीपांत शेक्सपिअर, मिल्टन, पोप आणि खुद्द इंग्रजी बायबल यांतल्या चुका वेचून दाखवल्या होत्या. थोरामोठ्यांचे वाक्य घ्यायचे आणि त्यातली चूक दाखवायची, ही पद्धत या पुस्तकाने रूढ केली. त्याच्या एकच वर्ष आधी, १७६१ मध्ये, जोसेफ प्रिस्टली यांचेही इंग्रजी व्याकरण निघाले होते. प्राणवायूच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे तेच हे प्रिस्टली. त्यांचे मत असे की भाषेत अखेरचा निवाडा वापराचा. चांगले बोलणारे जे बोलतात तेच बरोबर. 'नियम मोठा की वापर मोठा' हा आजचा वाद त्या दोन पुस्तकांतच उभा आहे.

शाळेत जिंकली ती लाउथ यांची बाजू, आणि ती जिंकून दिली लिंडली मरे यांनी. अमेरिकेत जन्मलेले आणि इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झालेले हे वकील. तिथल्या मुलींच्या शाळेसाठी त्यांनी १७९५ मध्ये व्याकरण लिहिले आणि १७९७ मध्ये त्याला जोडून स्वाध्यायांचे पुस्तक काढले. त्यात मुद्दाम चुकीची वाक्ये दिलेली असत, मुलांनी ती दुरुस्त करायची. आपल्या प्रश्नपत्रिकेतला 'चुका दुरुस्त करून वाक्य पुन्हा लिहा' हा प्रश्न याच घराण्यातला. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी भाषेचा अभ्यास असा केला, की आधी चूक शोधायची आणि मग वाक्याचा अर्थ पाहायचा.

हेच वळण मुंबईत मराठीला भेटले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची मांडणी इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीवर आहे आणि तिच्यावर मरे यांची छाप दिसते. मराठीच्या जडणघडणीत या पुस्तकाचे ऋण फार मोठे आहे. त्याच्यावर टीकाही झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'शालापत्रका'त मराठी व्याकरणावर निबंध लिहून दादोबांच्या अनेक मतांची तपासणी केली. शब्दांच्या जाती कशा लावाव्यात, विभक्ती कशा मोजाव्यात, प्रयोग कसे ओळखावेत, असे हे वादाचे विषय. दादोबा आपल्या ग्रंथावर आयुष्यभर काम करत राहिले. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढल्या आणि १८८१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, मोठ्या व्याकरणाची 'पूरणिका' दिली. व्याकरणावर वाद कसा घालावा याचा हा आपला घरचा दाखला. वाद नियमाशी होता, तो कारणांसह छापून झाला आणि त्याने मराठी व्याकरणाचा विचार पुढे गेला.

ऱ्हस्व-दीर्घाची भांडणे तर याहून तरुण. दफ्तरांतला आणि पत्रांतला मराठी व्यवहार शतकानुशतके मोडीत चालला. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद सहसा पाळत नसत, दोन शब्दांत जागा सोडत नसत आणि विरामचिन्हेही नसत. ओळ आखायची आणि तिला टांगून अक्षरे सलग ओढत जायची. तिथे वेलांटी पहिली की दुसरी यावर कोण भांडणार? छापखाना आला, शाळांची पुस्तके बाळबोधीत छापली जाऊ लागली, तेव्हा प्रत्येक वेलांटीचा निर्णय करणे भाग पडले. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळीही इंग्रजीतूनच आली. ती मराठीत रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. 'विरामचिन्हांची परिभाषा' हे त्यांचे पुस्तक १८५० चे. मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या कामातही ते होते.

वऱ्हाडात ही लाट उशिरा पोहोचली. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला, त्यानंतर इकडे सरकारी मराठी शाळा वाढल्या. पुस्तकातली मराठी पुण्या-मुंबईच्या वळणाची होती. दारव्ह्याच्या घरात पोरगं 'पानी' पीत होतं, 'कोन आला' विचारत होतं, 'काय करून राहिला' म्हणत होतं. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा खंड १९०५ मध्ये निघाला. 'ण'च्या जागी 'न' हे वऱ्हाडीचे लक्षण त्यात नोंदलेले आहे. भाषाशास्त्रज्ञाने ज्याला लक्षण म्हटले, त्यालाच वर्गात चूक म्हटले गेले आणि अनेकांनी त्यापायी पट्टी खाल्ली. ज्या भागात रिद्धपूर आहे, जिथे 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात सिद्ध झाले, त्या भागाच्या बोलीला हे ऐकून घ्यावे लागले याची खंत वाटते.

१९६० मध्ये विदर्भ महाराष्ट्रात आला. १९६१ मध्ये मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले आणि त्यात नागपूरचा विदर्भ साहित्य संघही होता. महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम १९६२ मध्ये शासनाने मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. न उच्चारलेले अनुस्वार गेले. 'कवि' होता तो 'कवी' झाला, 'गुरु' होता तो 'गुरू' झाला. १९६१ पर्यंत ज्याला पूर्ण गुण मिळाले असते, तेच लेखन पुढे अशुद्ध ठरले. आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे नावही इंग्रज अमदानीत रोमन लिपीत 'येओटमाल' असे वाचले जाईल अशा स्पेलिंगने लिहीत. तेव्हा तेच बरोबर होते, आज ते चूक आहे.

मग नियम नकोतच का? नियम हवेतच. दारव्ह्यातल्या विद्यार्थ्याला अर्ज करायचा आहे, परीक्षा द्यायची आहे, परक्या माणसाशी लेखी बोलायचे आहे. तिथे प्रमाण इंग्रजी आणि प्रमाण मराठी त्याला आलीच पाहिजे, आणि ती कुणीतरी शिकवलीच पाहिजे. प्रश्न शिकवण्याच्या रीतीचा आहे.

ती रीत इंटरनेट उभारणाऱ्यांनी फार नेमकी सांगून ठेवली आहे. १९८० मध्ये जॉन पोस्टेल यांनी संगणकांच्या आपसांतल्या बोलण्याचे नियम लिहिताना एक तत्त्व घातले: पाठवताना काटेकोर राहावे, स्वीकारताना उदार असावे. ऑक्टोबर १९९५ मध्ये सॅली हॅम्ब्रिज यांनी नेटवरच्या शिष्टाचाराची नियमावली संकलित केली, तेव्हा हेच तत्त्व त्यांनी माणसांच्या पत्रव्यवहारालाही लावले. चूक काढणाऱ्यांसाठी ऑस्ट्रेलियातले संपादक जॉन बँगसंड यांनी १९९२ मध्ये एक इशाराही देऊन ठेवला. दुसऱ्याच्या लेखनावर टीका करणाऱ्याच्या मजकुरातही एखादी चूक राहून जातेच, असा त्याचा आशय. कुणाचीही चूक काढण्याआधी आपला मजकूर दोनदा वाचावा, एवढे तरी त्यातून घेता येते.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. आपण लिहाल तेव्हा कोश उघडा, वाक्य तपासा, आळस करू नका. दुसऱ्याचे वाचाल तेव्हा आधी त्याच्या म्हणण्याला उत्तर द्या. चूक सांगायचीच असेल तर त्याला एकट्याला सांगा, नियम सांगा आणि जमले तर नियमाचे कारणही सांगा. नियम ठाऊक नसेल तर थांबा. आणि आपली चूक कुणी दाखवली तर आभार मानून ती दुरुस्त करा, जशी दादोबांनी आपली पुस्तके सुधारली.