मूलपेशींचे वार्धक्य

स्वतःची प्रत काढणारी आणि गरज पडेल तशी विशिष्ट कामाची पेशी घडवणारी पेशी म्हणजे मूलपेशी. रक्त, त्वचा, आतड्याचे अस्तर, स्नायू यांची झीज प्रौढ शरीरात याच पेशी भरून काढतात. वयानुसार हे काम मंदावते किंवा भरकटते, त्यालाच मूलपेशींचे वार्धक्य म्हणतात. कामाचा पसारा अफाट असतो. निरोगी माणसाची अस्थिमज्जा दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार करते आणि आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते.

पेरलेले उगवले नाही की शेतकऱ्याला दोन शंका येतात : बियाणे जुने होते, की जमिनीचा कस गेला? येथे बियाणे म्हणजे मूलपेशी आणि जमीन म्हणजे तिच्याभोवतीचे शरीर. या विषयातले बहुतेक संशोधन याच दोन शंकांभोवती फिरत आले आहे आणि प्रत्येक ऊतीत उत्तर वेगळे निघाले आहे.

स्नायू : अलेक्झांडर मॉरो यांना १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत, तंतू आणि त्याचे पातळ आवरण यांच्या फटीत चिकटून बसलेल्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. त्यांना त्यांनी उपग्रह पेशी हे नाव दिले. या स्नायूच्या मूलपेशी. एरवी त्या झोपलेल्या असतात. स्नायू फाटला की जाग्या होतात, विभागतात आणि एकमेकींत मिसळून नवा तंतू उभा करतात. म्हातारपणी त्यांना जाग उशिरा येते, तोवर जखमेत तंतुमय ऊती आणि चरबी भरते. ‘डेल्टा’ नावाच्या प्रथिनाचा निरोप उपग्रह पेशीवरील ‘नॉच’ या ग्राहकाला मिळाला की ती कामाला लागते. वृद्ध स्नायूत इजा झाल्यावरही हा निरोप पुरेसा वाढत नाही.

ब्रूस कार्लसन आणि जॉन फॉकनर यांनी १९८९ मध्ये म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांच्या स्नायूंची अदलाबदल केली. तरुण शरीरात बसवलेला म्हातारा स्नायू चांगला सावरला, म्हाताऱ्या शरीरात गेलेला तरुण स्नायू मात्र रेंगाळला. पुढे २००५ मध्ये स्टॅनफर्डमध्ये थॉमस रँडो, इरिना कॉनबॉय आणि सहकाऱ्यांनी तरुण व वृद्ध उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांना जोडले. वृद्ध जोडीदाराच्या स्नायूची दुरुस्ती सुधारली, आणि ती मुख्यतः त्याच्याच जुन्या पेशींनी केली. म्हणजे येथे दोष बराचसा जमिनीचा. पण यालाही मर्यादा आहे. पुरा मुन्योस-कानोवेस यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले की अतिवृद्ध उंदरांच्या उपग्रह पेशी सुप्तावस्थेतून कायमच्या जरावस्थेत जातात. मग त्या तरुण शरीरात नेऊन ठेवल्या तरी उठत नाहीत.

रक्त : येथे बी स्वतःच बदलते. वृद्ध उंदरांच्या मज्जेत रक्तजनक मूलपेशींची संख्या घटत नाही, उलट वाढते. एकेका पेशीची कुवत मात्र उतरते आणि लसिकापेशी कमी, इतर पांढऱ्या पेशी जास्त, असा कल पडतो. उतारवयात लसींचा परिणाम कमी दिसतो, त्यामागे हेही एक कारण आहे. दुसरी गोष्ट अधिक लक्षणीय आहे. डीएनएमटी३ए, टीईटी२ यांसारख्या जनुकांत उत्परिवर्तन झालेली एखादी मूलपेशी इतरांना मागे टाकते आणि तिचाच वंश रक्तात वाढत जातो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहण्यांत सत्तरी ओलांडलेल्यांपैकी साधारण दहात एकात असा वंश आढळला. त्याने रक्ताच्या कर्करोगाचा आणि हृदयविकाराचाही धोका वाढतो. नेदरलंड्सच्या हेन्ड्रिक्ये व्हान आन्डेल-स्खिपर ११५ वर्षे जगून २००५ मध्ये वारल्या. देहदान केल्यामुळे त्यांचे रक्त तपासता आले : पांढऱ्या पेशींपैकी बहुतेक अवघ्या दोन मूलपेशींच्या वंशातल्या होत्या. त्यांना रक्ताचा कर्करोग मात्र नव्हता.

केस : पिकलेला केस हे मूलपेशींच्या वार्धक्याचे रोज आरशात दिसणारे उदाहरण. केसाच्या मुळाशी एका कोनाड्यात रंगपेशींच्या मूलपेशी राहतात. त्या संपल्या की केसाला रंग मिळत नाही. केस घडवणाऱ्या मूलपेशी वेगळ्या असतात, म्हणून केस पांढरा होऊनही वाढत राहतो. कलप केसावर बसतो, कोनाड्यापर्यंत पोचत नाही.

कारणे अनेक आणि एकमेकांत गुंतलेली आहेत : डीएनएची साचत गेलेली हानी, आखूड होणारी टेलोमिअर (गुणसूत्रांची टोके), थकलेली तंतुकणिका, जनुके उघडझाप करणाऱ्या रासायनिक खुणांची विस्कळीत मांडणी, शरीरात मंद धुमसणारा दाह आणि मज्जेत वाढणारी चरबी.

हे चक्र उलटवता येते का? शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये चार जनुकांच्या साह्याने उंदराच्या प्रौढ पेशीला भ्रूणावस्थेसारख्या स्थितीत नेले, तेव्हा वयाच्या पुष्कळ खुणाही पुसल्या गेल्या. जिवंत प्राण्यात हेच पूर्णपणे केले तर गाठी होतात, हीच मोठी अडचण आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात वैजयंती काळे यांच्या गटाने २०१८ मध्ये मज्जेतील तरुण आधारपेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पुटिकांमुळे उंदराच्या वृद्ध रक्तजनक मूलपेशी पुन्हा सक्षम होतात असे दाखवले. यातले बरेचसे अजून उंदरांपुरतेच आहे. तरुणांचे रक्तद्रव विकत घेऊन टोचून घेण्याची टूमही मध्यंतरी अमेरिकेत निघाली होती. तेथील अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याविरुद्ध जाहीर इशारा दिला.

रुग्णालयात हे ज्ञान वापरले जाते ते साध्या रूपात : मज्जारोपणासाठी जुळणारे अनेक दाते मिळाले तर डॉक्टर सहसा तरुण दाता निवडतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्तविकारांसाठीचे हे रोपण नेहमीचा उपचार म्हणून मान्य केले आहे. तारुण्य परत आणण्याच्या जाहिराती करून, पैसे घेऊन टोचल्या जाणाऱ्या मूलपेशी त्या मान्यतेत बसत नाहीत.