हिमांतला मळ आणि मळा



ध्रुवप्रदेश म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें एक पांढरें, ओसाड रान उभें राहतें. जेथें गवताचें पातें दिसत नाहीं, तेथें अन्न तें कोठून येणार, असें आपणांस वाटतें. परंतु याच रानाच्या आसपास देवमासे आहेत, सीलांचे कळप आहेत, पेंग्विन पक्ष्यांच्या दाट वसाहती आहेत. इतक्या जिवांचें पोट कशावर भरतें? प्रश्न साधा, परंतु त्याचें उत्तर हातीं येण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. तें उत्तर दडलें होतें एका तपकिरी डागांत, पाहणारास निव्वळ मळ वाटावा अशा डागांत. त्या डागाचा इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

१८३९ सालीं जेम्स क्लार्क रॉस यांच्या आधिपत्याखालीं ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ हीं दोन इंग्रजी जहाजें दक्षिण ध्रुवाच्या दिशेनें निघालीं. ‘एरेबस’वर जोसेफ डाल्टन हुकर नांवाचा २२ वर्षांचा साहाय्यक शल्यवैद्य होता. काम वैद्यकीचें, पण मन सगळें वनस्पतींत गुंतलेलें. बर्फांतून वाट काढीत असतां तो ठिकठिकाणीं तपकिरी झालेला दिसे. १८४१ सालीं याच सफरींत एक धुमसता ज्वालामुखीहि दृष्टीस पडला होता. तेव्हां ही त्याचीच राख असेल असें म्हणून कोणीहि मोकळें झालें असतें. पण बर्फ वितळवून खालीं बसलेला गाळ जपून ठेवण्यांत आला, आणि तो बर्लिन येथील सूक्ष्मजीवांचे पंडित एरेनबेर्ग यांच्याकडे गेला. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं त्या मळांत असंख्य डायाटम आढळले. डायाटमाचा देह एकाच पेशीचा. तिच्याभोंवतीं वाळूच्याच जातीच्या द्रव्याची, झांकण लावलेल्या डबीसारखी पारदर्शक पेटी असते.

एरेनबेर्ग डायाटमांस प्राणी मानीत. हुकर त्यांस वनस्पति म्हणे. हा वाद नुसता नांवाचा नव्हता. प्राणी दुसऱ्याचें खाऊन जगतो. वनस्पति सूर्यप्रकाशाच्या बळावर आपलें अन्न आपणच निर्माण करते. डायाटम हे प्राणी ठरते, तर दक्षिण समुद्रांतील भक्ष्यभक्षकांच्या साखळीस मूळच उरलें नसतें. ते वनस्पति असतील, तर देवमाशाच्या पोटापर्यंतचा सारा उलगडा होतो. १८४७ सालीं प्रसिद्ध झालेल्या लेखनांत हुकरनें हीच बाजू मांडली, आणि पुढें शास्त्राचा कौलहि तिलाच मिळाला.

उत्तरेकडे हें काम पुढें नेलें नान्सेननें. १८९३ पासून १८९६ पर्यंत त्याचें ‘फ्राम’ जहाज बर्फांत गोठून प्रवाहाबरोबर वाहत होतें. उन्हाळ्यांत बर्फावर सांचलेल्या डबक्यांत त्याला तपकिरी गोळे दिसले. त्यांतले जीव त्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं तासन्‌तास पाहिले, आणि १९०६ सालीं त्यांवर लेखन प्रसिद्ध केलें.

मग हे जीव बर्फांत राहतात तरी कसे? समुद्राचें पाणी गोठतें तेव्हां मीठ बर्फांत सामावत नाहीं. तें अतिशय खारट पाण्याच्या रूपानें बर्फांतल्या केसासारख्या बारीक वाटांत सांचून राहतें, आणि खारटपणामुळेंच तें गोठत नाहीं. बर्फाच्या अगदीं खालच्या थरांत, समुद्राला लागून असलेल्या या वाटांत डायाटमांची वस्ती असते. वसंतांत सूर्य परतला कीं हिमाच्या थरांतून झिरपणारा अत्यल्प उजेडहि त्यांस पुरतो. उघड्या पाण्यांतील वनस्पति वाढण्यापूर्वीं कित्येक आठवडे हें पीक तयार होतें. कोठार रिकामें असतां हाताशीं आलेल्या पहिल्या धान्याचें जें मोल, तेंच या पिकाचें. उत्तर समुद्रांत तांदळाच्या दाण्याएवढा, वल्ह्यासारख्या पायांचा एक कवचधारी जीव आहे. त्याची मादी बर्फांतलें शेवाळ खाऊन अंडीं घालते. तिचीं पिल्लें खाण्याजोगीं होतात तोंवर बर्फ फुटून उघड्या पाण्यांतलें पीक येतें. आईची शिदोरी बर्फांत, लेंकरांची पाण्यांत! या जिवांवर ध्रुवीय कॉड मासा जगतो, त्या माशावर सील, आणि सीलावर पांढरें अस्वल.

दक्षिणेंत मात्र मनुष्याची नजर प्रथम साखळीच्या वरच्या टोंकावर गेली. १९०४ सालीं दक्षिण जॉर्जिया बेटावर ग्रिटविकेन येथें देवमाशांच्या शिकारीचें ठाणें उभें राहिलें. १९३०–३१ च्या एकाच हंगामांत २९,००० हून अधिक निळे देवमासे मारले गेले. धंदा टिकावयाचा तर देवमाशाचें जीवन समजून घेणें प्राप्त होतें. म्हणून १९२५ पासून ‘डिस्कव्हरी’ जहाजावरून ब्रिटिशांचें संशोधन सुरू झालें. देवमाशाच्या पोटांत सांपडे तो क्रिल, म्हणजे आपल्या जवळ्यासारखा दिसणारा, बोटाएवढा जीव. क्रिलाचें खाणें डायाटम. पुढें असेंहि दिसून आलें कीं क्रिलाचीं पिल्लें हिवाळ्यांत बर्फाच्या खालच्या अंगावरील शेवाळ खरवडून खातात. १९६३ सालीं जॉन बंट या शास्त्रज्ञानें अंटार्क्टिक समुद्रहिमांतील डायाटमांच्या अन्ननिर्मितीविषयीं आपलें संशोधन प्रसिद्ध केलें, आणि हुकरनें ज्याचा पक्ष घेतला होता त्या मळ्याच्या उत्पन्नाचा हिशेब सुरू झाला.

या मळ्याचें धान्य किती खोल पोहोंचतें, हें २०१२ सालीं कळलें. त्या वर्षीं आंत्ये बोएटियुस यांच्या नेतृत्वाखालीं ‘पोलारस्टेर्न’ हें जर्मन जहाज उत्तर ध्रुवसमुद्राच्या मध्यभागीं गेलें होतें. सुमारें ४,००० मीटर खालीं, काळोख्या समुद्रतळावर, वितळत्या बर्फांतून सुटून पडलेले शेवाळाचे पुंजके आढळले, आणि समुद्रकाकड्या त्यांवर चरत होत्या. त्याच वर्षीं सप्टेंबरांत तेथील बर्फाचें क्षेत्र सुमारें ३४ लक्ष चौरस किलोमीटरांवर आलें. उपग्रहांच्या नोंदी १९७९ सालीं सुरू झाल्यापासून तें तोंवर इतकें कमी कधींच झालें नव्हतें.

बर्फ पातळ झाला कीं प्रकाश अधिक पोहोंचतो, आणि कांहीं काळ शेवाळ अधिकहि माजूं शकतें. परंतु या शेताची जमीन म्हणजे तो बर्फच. तो लौकर फुटला तर आईची शिदोरी आणि लेंकरांची शिदोरी यांचा मेळ चुकतो; मुळींच उरला नाहीं तर मळाहि उरत नाहीं. देवमाशांची व्यापारी शिकार थांबविण्याचा ठराव १९८२ सालीं झाला, १९८६ पासून तो अंमलांत आला, आणि कांहीं जातींची संख्या पुन्हा वाढूं लागली. शिकाऱ्याचा हात आंवरतां आला, कारण तो हात कोणाचा हें ठाऊक होतें. बर्फ वितळविणारी ऊब कोणा एकाच्या जहाजांतून निघत नाहीं. ती आपल्या सर्वांच्या चुलींतून, गिरण्यांतून आणि गाड्यांतून निघते. म्हणून तिला आंवरण्याचें काम अधिक अवघड आहे, आणि त्यांत आपलाहि वांटा आहे.