तबकडीवरचे नाव

कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेला कुत्रा आपल्यातील पुष्कळ भगिनींच्या ओळखीचा आहे. कोणाच्या माळ्यावर त्याच्या जुन्या तबकड्या अजूनही असतील. या ‘कुत्रा छाप’ मंडळींनी आपल्या गाण्याला काय दिले, हे थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न.

एमिल बर्लिनर यांनी १८८७ साली सपाट तबकडीवर आवाज उमटविण्याची युक्ती शोधली. तिच्या आधाराने १८९८ मध्ये लंडनला ग्रामोफोन कंपनी निघाली. पुढल्याच वर्षी तिने फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराकडून निपर नावाच्या कुत्र्याचे चित्र घेतले. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ म्हणजे ‘धन्याचा आवाज’ ही तिची छाप जगभर गाजली.

१९०२ साली कंपनीचे फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास आले. घरंदाज स्त्रीने चारचौघांत गाऊ नये, असा तो काळ. म्हणून कर्ण्यापुढे प्रथम उभ्या राहिल्या त्या रंगभूमीवरील नट्या आणि मैफिलीत गाणाऱ्या बायका. गौहरजान त्यांतल्याच. तासभर रंगणारा राग त्यांनी तीन मिनिटांत बसविला आणि शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारले. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. तेथील कामगारांना गाणारी कोण हे कळावे, एवढाच हेतू. पण त्यामुळे एका स्त्रीने आपल्या तोंडाने घेतलेले आपले नाव घरोघर पोहोचले, हे काही लहान नव्हे!

या तबकडीत लागे लाख. आपल्या बांगड्यांना लागते तीच. ती आपल्याच देशातील रानांतून जाई. पुढे १९०८ साली कलकत्त्याजवळ सियालदह येथे आणि १९२८ मध्ये डमडमला कारखाना झाला. जर्मनीची ओडियन, विलायतेची कोलंबिया याही कंपन्या बाजारात होत्या. १९३१ मध्ये ग्रामोफोन आणि कोलंबिया एकत्र येऊन ई.एम.आय. झाली. मुंबईस वडाळ्याला ‘यंग इंडिया’ ही देशी छाप १९३५ पासून वीसेक वर्षे चालली.

महाराष्ट्राच्या वाट्याला या धंद्यातून मोठे धन आले. सुंदराबाई जाधव, हिराबाई बडोदेकर यांचे गाणे ज्यांना मैफिलीत कधी पाऊल टाकता आले नसते, अशा गृहिणींनी घरी बसून ऐकले. गोव्याच्या केसरबाई केरकर यांची भैरवी तर १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुष्कळदा गाणारीला एकदाच बिदागी मिळे. तबकडीची मालकी कंपनीची आणि पुढची विक्रीही तिचीच. गीतकार, संगीतकार आणि गायक यांना मोबदल्याचा हक्क अधिक भक्कमपणे मिळाला तो २०१२ च्या कायदादुरुस्तीने.

कॅसेटी आल्या तसे चित्र पालटले. १९८३ मध्ये निघालेल्या टी-सीरिजने स्वस्त कॅसेटींचा बाजार उभा केला. लहान लहान कंपन्याही निघाल्या आणि आपल्या तुळजाभवानीची गाणी गावोगाव वाजू लागली. जुन्या ग्रामोफोन कंपनीने २००० साली ‘सारेगामा’ हे नाव घेतले.

कंपन्यांनी जपले ते खपणारे गाणे. जात्यावरची ओवी विकत कोण घेणार? म्हणून आपल्या आजी-पणजीचा आवाज बाजारातील तबकड्यांत सहसा सापडत नाही. हेमाताई राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, हे उपकारच होत. परंतु आपल्या गल्लीतील, आपल्या वाड्यातील ओव्या गोळा करण्यास बाहेरचे कोण येणार?

आज प्रत्येकीच्या हाती आवाज टिपणारा मोबाईल आहे. मंडळातील वडीलधाऱ्या भगिनींकडून ओव्या, पाळणे, आराध्यांची गाणी म्हणवून घ्यावीत आणि गाणे संपल्यावर त्यांना आपले नाव व गाव स्वतःच्या तोंडाने सांगावयास लावावे. गाणे उरते आणि गाणारी विसरली जाते, असे आपल्या घरी तरी होऊ नये.