संबंधात्मक डेटाबेस आणि वऱ्हाडातील भूमि-अभिलेख
परस्परसंबद्ध तक्त्यांत मांडलेल्या संगणकीय माहितीसंचयास संबंधात्मक डेटाबेस म्हणतात. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ एडगर एफ. कॉड (१९२३–२००३) यांनी १९७० मध्ये त्याची तात्त्विक बैठक मांडली. त्याची मूलतत्त्वे अमरावती व अकोला जिल्ह्यांतील महसुली दप्तरावरून स्पष्ट होतात.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून ब्रिटिश प्रशासनाखाली आल्यानंतर तेथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन शेतांना भूमापन क्रमांक मिळाले. एकच क्रमांक अनेक गावांत येत असल्याने गाव, क्रमांक व पोटहिस्सा मिळून शेताची ओळख ठरते. डेटाबेसमधील संयुक्त कळ ती हीच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये ठेवल्या जाणाऱ्या दप्तरात गाव नमुना सातमध्ये जमिनीवरील हक्क, बारामध्ये पिके, तर आठ-अमध्ये खातेदाराच्या गावातील सर्व जमिनी नोंदविल्या जातात.

कागदी दप्तरात खातेदाराचे नाव अनेक ठिकाणी लिहावे लागे. त्याच्या मृत्यूनंतर वारसाची नोंद एका नमुन्यात होऊन दुसऱ्यात राहिली, तर कागद परस्परविरोधी ठरत व वारसास पीककर्ज मिळविताना अडचण येई. कॉड यांच्या सामान्यीकरण पद्धतीत नाव एकदाच नोंदवून इतर तक्ते खाते क्रमांकाने त्यास जोडले जातात.

मात्र सुसंगती म्हणजे सत्यता नव्हे. फेरफार प्रमाणित झाल्यावर सातबारा बदलतो आणि ती नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, कायद्याने खरी मानली जाते. मूळ नोंदच चुकलेली असल्यास संगणक ती चूक सर्वत्र सारखीच दाखवितो.