लोणावळा परिसर : वीज व सुरक्षा
मावळ तालुक्यातील लोणावळा, वळवण व शिरवटा या जलाशयांच्या पाण्यावर घाटाखाली खोपोली येथे १९१५ मध्ये टाटा कंपनीची वीजनिर्मिती सुरू झाली. विजेबरोबर तिच्या धोक्याचा प्रश्नही आला. अतिभार वा शॉर्ट सर्किट होताच सर्किट ब्रेकर प्रवाह तोडून तारा व यंत्रे वाचवितो. वीजतंत्र्याचे रक्षण मात्र तेवढ्याने होत नाही. घरगुती ब्रेकर काही अँपिअर प्रवाहास उघडतो, तर सु. ०.०५ अँपिअर प्रवाहही प्राणघातक ठरू शकतो. या पर्जन्यबहुल प्रदेशात ओल्या त्वचेमुळे धोका वाढतो. म्हणून भारतीय विद्युत् नियम, १९५६ अन्वये वाहक हाताळण्यापूर्वी तो भूसंपर्काने वा अन्य योग्य उपायाने भाररहित करणे आणि काम चालू असता त्यात पुन्हा वीज येणार नाही अशी तजवीज करणे बंधनकारक होते. २०१० मध्ये केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या विनियमांनी या नियमांची जागा घेतली. दंडक कायम राहिला.