मालेगावचा सुपरमॅन आणि हार्ड डिस्कची जागा

थ्रेड. व्हिडिओ संपादन करणारी मित्रमंडळी हमखास विचारतात : नवी डिस्क संगणकाच्या आत बसवावी की बाहेरून जोडायची घ्यावी? या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो मालेगावातून फार चांगला दिसतो.

२००० साली, व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी यंत्रमागांच्या या गावात स्थानिक कलाकारांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ केला. संपादन झाले दोन व्हीसीआरवर. एका यंत्रात मूळ कॅसेट चालवायची आणि हवा तेवढा तुकडा दुसऱ्या यंत्रातल्या कॅसेटवर उतरवून घ्यायचा.

म्हणजे तेव्हा सगळी साठवण ‘बाहेर’च होती. कॅसेट स्वस्त होती आणि पिशवीत घालून नेता येत होती. मात्र मधेच एखादे दृश्य घालायचे ठरले, तर पुढचा सारा भाग पुन्हा उतरवावा लागे. शिवाय प्रत्येक नकलेगणिक चित्र पुसट होत जाई. कलाकृतीची रचना आणि तिचे जतन ही दोन्ही कामे एकाच फितीवर लादलेली होती, ही त्या काळाची खरी अडचण.

पुढे नासिर शेख ‘मालेगाव का सुपरमॅन’कडे वळले. फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात ती धडपड दिसते : नायक हिरव्या पडद्यासमोर ‘उडतो’, आणि कॅमेरा पाण्यात पडतो तो प्रसंगही. (रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’मुळे ही कथा अलीकडे सर्वदूर पोहोचली, तरी मूळ माहितीपट आधी पाहावा.) हिरव्या पडद्याच्या जागी आकाश बसवायचे, तर संगणक हवा. संगणक आला, की साठवण आत जाते.

ती आत का गेली, याचे उत्तर साध्या गणितात आहे. त्या काळच्या डीव्ही चित्रणाला सेकंदाला सुमारे ३.६ मेगाबाइट लागत. तासाला जवळजवळ १३ गिगाबाइट. जुन्या यूएसबी १.१ जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त दीड मेगाबाइट जाई. अशा डिस्कवरून चित्रपट सलग चालणेही शक्य नव्हते. फायरवायर पुरेसे वेगवान होते, पण आपल्याकडच्या बहुतेक संगणकांत त्यासाठी वेगळे कार्ड बसवावे लागे. २००० साली यूएसबी २.० चे मानक आले आणि हळूहळू हे बंधन सुटले. आज तर बाहेरची एसएसडीही संपादनाला पुरते.

म्हणून माझ्या मते वेगाचा वाद आता गौण आहे. चालू काम आतल्या एसएसडीवर असावे. मूळ चित्रण आणि पूर्ण झालेली कृती बाहेरच्या दोन डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवावी. बाहेरच्या एकुलत्या एका डिस्कला ‘बॅकअप’ म्हणणे ही निव्वळ आत्मवंचना. वर्षानुवर्षे कपाटात ठेवायचे असेल तर एसएसडीपेक्षा फिरती हार्ड डिस्क बरी, कारण दीर्घकाळ विजेविना राहिलेल्या एसएसडीतील नोंदी विरू शकतात. फिरत्या डिस्कला मात्र पडणे सोसत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला याची चिंता का? याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला, दादासाहेब फाळके जन्मले. त्यांच्या पुष्कळ चित्रपटांचे आज केवळ तुकडे उरले आहेत, काहींचे तेही नाहीत. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले १९६४ मध्ये. फाळके त्याच्या वीस वर्षे आधीच गेले होते. गावोगावच्या व्हिडिओ चित्रपटांची अवस्था याहून नाजूक आहे, कारण त्यांची मूळ प्रत बहुधा कुणाच्या तरी घरच्या कपाटात असते.

व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले. आता चालू स्थितीतला व्हीसीआर मिळवणे हेच पहिले काम. एका तासाची कॅसेट संगणकात घ्यायला पूर्ण एक तास लागतो. तुमच्या गावात अशा कॅसेटी कुणाकडे असतील तर खाली लिहा.