कंदिलाची काच आणि माणसाचे हाड

आष्टेकर श्रोत्यांपुढे काचेचा विषय काढताना आम्हांला प्रथम ओगलेवाडी आठवते. कऱ्हाडजवळ, त्या वेळच्या औंध संस्थानच्या हद्दीत, १९१६ साली ओगले बंधूंनी काच कारखाना काढला आणि पुढे त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी टांगला गेला. त्याची काच राखेने पुसणे हे लहानपणी आमचे काम. तापलेल्या काचेवर पाण्याचा एक थेंब पडला की ती तडकलीच, आणि मग आईची बोलणी ठरलेली! तीच काच अनवाणी पायात शिरली तर ठणका लागे, पू होई. शरीर तिला परकी मानून बाहेर ढकलू पाहे. अशा वस्तूला माणसाच्या हाडाने आपले कसे म्हटले, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

आमच्या चुलत्यांचा पाय उसाच्या गाडीखाली सापडला, तेव्हा मिरजेस त्यांच्या कमरेचे हाड काढून नडगीत भरले. नडगी सांधली, पण पुढे वर्षभर ते कंबरच धरून बसत. "एक घर सावरायला दुसऱ्याचे वासे काढले," असे म्हणत. स्वतःचे हाड हे सर्वांत चांगले भरण, यात वाद नाही. मात्र ते काढावयाचे कोठून, आणि किती?

१९६७ साली अमेरिकेत प्राध्यापक लॅरी हेंच एका परिषदेला बसने चालले होते. शेजारी व्हिएतनामहून परतलेला एक लष्करी अधिकारी होता. शरीर धातू आणि प्लॅस्टिक स्वीकारीत नाही म्हणून जखमी सैनिकांचे हातपाय कापावे लागतात. शरीराला चालेल असा पदार्थ तुम्ही करू शकाल का, असे त्याने विचारले. हेंच हे काचेचे अभ्यासक, वैद्यकाशी त्यांचा संबंध नव्हता. हाडात चुना आणि स्फुरद असते, तर तेच काचेत घालून पाहू, एवढा साधा त्यांचा तर्क. खिडकीच्या काचेत वाळूतील सिलिका शेकडा सत्तरांच्या वर असते. त्यांनी ती ४५ वर आणली, सोडा आणि चुना प्रत्येकी साडेचोवीस, आणि स्फुरदाचे सहा भाग. १९६९ साली हे तुकडे उंदरांच्या मांडीच्या हाडात बसविले. सहा आठवड्यांनी पाहतात तो तुकडे निघेनात! ही काच शरीरातील द्रवात किंचित विरघळते, तिच्यावर सिलिकेचा मऊ थर धरतो आणि त्यावर हाडातल्यासारखेच खनिज जमते. हाड त्यालाच चिकटते.

पण काच ती काचच. शरीराचा भार तिच्यावर टाकता येईना. म्हणून प्रथम तिचा उपयोग झाला तो कानातील चिमुकल्या हाडांच्या जागी आणि दात काढलेल्या जबड्यात. बळकटीचा मार्ग मात्र एका चुकीने आधीच सापडला होता. १९५३ साली कॉर्निंग कारखान्यात स्टूकी यांची भट्टी ६०० अंशांऐवजी ९०० वर गेली. आत काचेचा चिखल झाला असेल असे त्यांना वाटले. निघाली पांढरी फरशी, आणि चिमट्यातून निसटून जमिनीवर पडली तरी फुटली नाही. काचेत बारीक स्फटिक गच्च भरले होते. हीच काचमृत्तिका. १९८२ साली क्योटोत कोकुबो यांनी हाडाच्या खनिजाचे स्फटिक असलेली काचमृत्तिका केली; ती मणक्यांच्या जागीही बसविली गेली.

तरीही हाडाची बरोबरी कठीणच. हाड हे कुडाच्या भिंतीसारखे आहे: कारवीच्या जागी प्रथिनाचे तंतू, मातीच्या जागी खनिज. ते वाकतेही आणि भारही सोसते. हे पाहूनच लंडनमध्ये बॉनफील्ड यांनी प्लॅस्टिकमध्ये हाडाचे खनिज मिसळून संमिश्र पदार्थ केला.

स्टूकींच्या त्या फरशीत लिथियम आणि सिलिकेचे स्फटिक होते. त्याच जातीच्या काचमृत्तिकेची टोपी आज दंतवैद्य दाढेवर बसवितात. आमच्या दाढेवर अशीच एक आहे. बसविताना दंतवैद्यांनी बजावले, "सर्व काही खा, पण ऊस दाताने सोलू नका." आष्ट्याच्या माणसाला हे पथ्य सांगणे सोपे, गेल्या हंगामात आम्ही ते दोनदा मोडले. टोपी शाबूत आहे, शेजारचा आमचा स्वतःचा दात मात्र हलू लागला आहे.